टायरची नक्षी आणि अर्धे सत्य

टायरवर नक्षी असते, तिच्यामुळे घर्षण वाढते आणि वाहन घसरत नाही, अशा अर्थाचे वाक्य घर्षणाच्या पाठात हमखास आढळते. एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही ते फळ्यावर लिहिले, तेव्हा मागून एका शिक्षकांनी विचारले, "मग शर्यतीच्या मोटारसायकलींचे टायर साफ गोटा का असतात?" हा प्रश्न मुळात त्यांच्या नववीतल्या एका मुलीचा होता. 'ते आपल्याला परीक्षेला नाही' असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले होते. आमच्या मते दोष त्यांचा नाही, त्या वाक्याचा आहे.

टायरची पकड येते कुठून, हे आधी पाहू. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकावर सामानासह १५० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम आहे असे धरा. भागाकार केला की रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे अर्धे पोस्टकार्ड! गाडी सावरण्याचे मागच्या चाकाचे सारे काम एवढ्या रबराने करायचे असते. नक्षीच्या खाचा म्हणजे या अर्ध्या पोस्टकार्डातून कापून काढलेले रबर. कोरड्या डांबरी रस्त्यावर खाच पकड देत नाही, उलट पकड देणारे रबर कमी करते. म्हणून कोरड्या दिवशी शर्यतीत गुळगुळीत टायर वापरतात आणि पाऊस आला की खाचांचे टायर चढवतात.

येथे विद्यार्थी अडवील, 'पण घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते ना?' आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेला हा नियम लाकूड-धातूंना बराच लागू पडतो. रबर मात्र मऊ असल्याने खडीच्या खाचखळग्यांत शिरते, आणि त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी घर्षण दुपटीपेक्षा कमीच वाढते. तोच भार अधिक रबरावर पसरला तर फायदा होतो. 'घर्षणांक एकापेक्षा कमीच असतो' हा समजही रबर खोटा ठरवते. वळणावर गाडी ४५ अंश कलली, तर सोप्या गणिताने आवश्यक घर्षणांक त्या कोनाच्या स्पर्शकाइतका, म्हणजे १ येतो. शर्यतीतले स्वार तर ६० अंशांच्या आसपास कलतात.

रबराची पकड दोन मार्गांनी येते. एक, त्याचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दोन, उंचवट्यांवरून जाताना रबर दबते आणि पुन्हा फुगते, पण दाबताना खर्चलेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपात जातो, आणि ही गिळली गेलेली ऊर्जा घसरण्याला विरोध करते. रबराचे घर्षण वेग व तापमान यांवर कसे अवलंबून असते आणि त्याचा रबराच्या या ऊर्जा गिळण्याशी कसा संबंध आहे, हे ग्रॉश यांनी १९६३ मध्ये प्रयोगाने दाखवले. या दोन्ही मार्गांत नक्षीला स्थान नाही. ओल्या रस्त्यावर मात्र पाण्याचा थर पहिला मार्ग जवळजवळ बंद करतो, आणि रबर खडीपर्यंत पोहोचलेच नाही तर दुसराही. नक्षीचे काम येथे सुरू होते. ती पाण्याला बाहेर पडायला वाट देते. ती गटार आहे, पकड नव्हे!

मग टायर टिकतो कशावर? तेही प्रामुख्याने रबराच्या मिश्रणावर, आणि खरी ओढाताण येथेच आहे. पॉलिब्युटाडाइन हे रबर झिजेला चांगले तोंड देते, पण ऊर्जा कमी गिळत असल्याने ओल्या रस्त्यावर त्याची पकड बेताची. जास्त ऊर्जा गिळणारी मिश्रणे चांगली धरतात, पण सहसा लवकर झिजतात. शर्यतीचा टायर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या शर्यतीपुरता असतो, प्रवासी मोटारसायकलीच्या टायरकडून कित्येक हजार किलोमीटरची अपेक्षा असते. १९९२ मध्ये मिशेलिन या फ्रेंच कंपनीने कार्बनच्या काजळीऐवजी सिलिका मोठ्या प्रमाणात वापरलेले टायर बाजारात आणले, तेव्हा ओली पकड राखून इंधन वाचवणे जमले. ओढाताण सैल झाली, संपली नाही.

सरळ महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा टायर मधोमध घासून चपटा होतो, कडा मात्र जवळजवळ कोऱ्या राहतात. म्हणून अनेक प्रवासी टायरांत मध्ये टणक आणि कडांना मऊ असे दोन प्रकारचे रबर वापरतात. युक्ती उत्तम आहे. पण 'दीर्घ आयुष्य आणि जबरदस्त पकड' असे एका दमात सांगणारी जाहिरात वाचताना विचारावे, की आयुष्य कुठले आणि पकड कुठली? आयुष्य मधल्या पट्ट्याचे, वळणावरची पकड कडांची. पावसात सरळ जाताना अचानक ब्रेक दाबला, तर टेकलेला असतो तो टणक मधला पट्टाच.

आता त्या पाठ्यवाक्याकडे परत येऊ. त्याची चूक केवळ पुस्तकी नाही. 'नक्षी आहे म्हणजे पकड आहे' असे शिकलेला मुलगा उद्या गाडी घेतो. टायरच्या खाचा खोल आहेत, पण तो आठ वर्षांचा आहे. ऑक्सिजन व ओझोन यांनी रबर टणक झाले आहे, बारीक भेगा पडल्या आहेत. नियमानुसार दुचाकीच्या टायरवर निदान ०.८ मिलिमीटर खोली हवी. मोजपट्टीवर हा टायर सहज उत्तीर्ण होतो, पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर मात्र नापास होऊ शकतो. खोली मोजता येते, म्हणून तीच महत्त्वाची ठरते. रबराचे वय मात्र कुणी विचारत नाही.

आमची सूचना साधी आहे. वाक्य असे लिहावे : 'टायरची पकड मुख्यतः रबरामुळे असते, नक्षी पाणी बाजूला सारून ती ओल्या रस्त्यावर टिकवते.' आणि एक तास वर्गाबाहेर घ्यावा. शाळेच्या आवारातील दुचाकींच्या टायरांवर चार अंकी शिक्का शोधायला सांगावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शेजारी मधल्या व कडेच्या खाचांची खोली मोजून तक्ता करावा. त्या तक्त्यात एखाद्या गुरुजींची किंवा बाईंची गाडी निघाली, तर लाजू नये. टायर बदलावा, आणि का बदलला ते वर्गात सांगावे.