बोलकी कादंबरी

कादंबरी वाचून दाखविणारा हा केवळ निरोप्या नव्हे. तो तिचा भाष्यकारच होय. इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी निघालेल्या पहिल्या बोलक्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही १९२६ सालची कादंबरी होती. तीत कथा सांगणारा डॉक्टरच अखेरीस खुनी ठरतो. छापील पानाला स्वर नसतो, म्हणून तेथे हे कपट सहज निभते. वाचणाऱ्याच्या स्वरात मात्र आरंभीच संशयाची छटा उतरली, तर रहस्य फुटते. आणि तो अगदीच सपाट राहिला, तर दुसऱ्यांदा ऐकतानाही त्या साळसूदपणातील गोम उमगत नाही. म्हणून आजच्या श्राव्य पुस्तकांतही पात्रागणिक आवाज बदलणाऱ्या नटापेक्षा, शेवट ठाऊक असून तो स्वराने न सांगणारा संयमी वाचणाराच आम्हांस अधिक आनंद देतो.