साध्या खाणावळींतील बिर्याणी व आमची रुचि

‘रुचि’ हा शब्द आमच्या भाषेंत अन्नास लागतो व काव्यासही लागतो. ‘रस’ ह्या शब्दाची गोष्ट तीच. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें समजावून देतांना दृष्टांत घेतला तो पाकशाळेंतलाच: नाना व्यंजनांनीं संस्कारिलेलें अन्न खाणारे सुमनस पुरुष जसे त्यांतील रसांचा आस्वाद घेतात, तसे सुमनस प्रेक्षक नाट्यांतील स्थायी भावांचा आस्वाद घेतात. सुमनस म्हणजे ज्यांचें मन प्रसन्न व निर्मळ आहे असे. आस्वादकाच्या मनाची ही अट दृष्टांतांत सहज आल्यासारखी दिसते. परंतु आमच्या मतें सगळी रसचर्चा तिच्यावर उभी आहे. साहित्यशास्त्रानें पाकशास्त्राकडून घेतलेल्या ह्या ऋणाची अल्पशी फेड म्हणून आम्ही आज एका पदार्थाची परीक्षा, एखाद्या कलाकृतीची करावी तशी, करणार आहों. हा पदार्थ म्हणजे हैदराबादच्या जुन्या शहरांतील साध्या खाणावळींत मिळणारी मटणाची बिर्याणी.

हैदराबादच कां, असें कोणी विचारील. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरी, कोर्ट व शिक्षण ह्यांच्या निमित्तानें तिकडील कित्येक कुटुंबांचे पाय त्या राजधानीस लागले, आणि मराठी बोलणारीं घरें तेथें आजहि आहेत. तेव्हां ही वस्तु आम्हांस अगदींच परकी नाहीं. तिचें नांव फारसी. ‘बिर्यान’ म्हणजे भाजलेलें किंवा तळलेलें. परंतु तांदूळ व मांस एकत्र शिजविण्याची कल्पना फार जुनी. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत तुपासह खावयाच्या मांसौदनाचा उल्लेख आहे. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लानें ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यांतील पदार्थांचे जे तीन वर्ग केले, त्यांत मांस व तांदूळ एकत्र घालून केलेल्या पदार्थांचा वर्ग स्वतंत्र आहे. अशा वस्तूचें जन्मस्थान एकाच दरबारांत शोधीत बसणें व्यर्थ होय. ती ज्या गांवीं गेली त्या गांवची झाली. लखनौस ती सौम्य झाली, कलकत्त्यास तिच्यांत बटाटा आला, तमिळ देशांत तिनें तेथला बारीक तांदूळ पत्करला. हैदराबादेंत ती तिखट व धीट झाली.

जुन्या शहरांतील ज्या खाणावळींविषयीं आम्ही बोलत आहों त्यांचें रूप वर्णनास फारसें अवसर देत नाहीं. अरुंद दार, एकमेकांस खेटून मांडलेलीं टेबलें, स्टीलचे पेले, भिंतीवर दरांचा फलक, आणि दाराशीं मोठी देग. ताटलींत बिर्याणी, शेजारीं मिरचीचें सालन, दह्याची चटणी, कांदा व लिंबाची फोड. ह्यापलीकडे तेथें कांहीं मिळत नाहीं व कोणी मागतहि नाहीं. गिऱ्हाईक येतें, बसतें, खातें व उठतें. मागें दुसरा मनुष्य जागेसाठीं उभा असतो. पदार्थाची बाजू मांडण्यास तेथें ना गालिचा असतो, ना वाद्यसंगीत, ना अदबीनें वांकणारा नोकर. पदार्थानें स्वतःच बोलावें लागतें. समीक्षकास ह्याहून सोयीचें स्थान कोणतें?

आतां पदार्थाकडे वळूं. हैदराबादची खरी पद्धति कच्च्या मांसाची आहे. मटण म्हणजे आपल्याकडे बहुधा बोकडाचें मांस. तें दहीं, आलें-लसूण, मिरची, गरम मसाला, तळलेला कांदा व कच्च्या पपईचा गर ह्यांत मुरवितात. पपईंतील पपेन नांवाचें द्रव्य मांसाचे तंतु मऊ करतें. तांदूळ खड्या मसाल्याच्या खारट पाण्यांत अर्धामुर्धा शिजवून त्या कच्च्या मांसावर थरांनीं पसरतात. मग झांकण बसवून कडेनें कणीक लावतात, आणि मंद आंचेवर देग दमास बसते. झांकणावरहि निखारे ठेवण्याची रीत आहे.

ह्यांतील अवघड भाग वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. मांस पूर्ण कच्चें आहे; तांदूळ निम्म्याहून अधिक शिजलेला आहे; आणि दोघांनींही एकाच वेळीं पक्व व्हावयाचें आहे. मध्यें झांकण उघडून पाहण्याची सोय नाहीं, कारण वाफ गेली कीं दम गेला. मांस आधीं शिजवून घेण्याची जी दुसरी पद्धति आहे तिच्यांत चुकीची दुरुस्ती करतां येते. येथें ती नाहीं. आचाऱ्यानें जें करावयाचें तें कणीक लावण्यापूर्वींच करून टाकलें पाहिजे. पुढें वास, वाफ व अनुभव ह्यांवर भिस्त ठेवून वाट पाहावयाची. रंगभूमीवर एकदां पडदा वर गेला म्हणजे नाटककाराची जी स्थिति होते, तीच कणीक लागल्यानंतर आचाऱ्याची होते. ह्या कामास हस्तकौशल्य हें नांव अपुरें आहे. त्यांत निर्णयबुद्धि आहे.

परीक्षेच्या कसोट्या तीन. पहिली शिताची. बासमती तांदूळ जुना असावा, कारण जुना तांदूळ शिजतांना लांबतो व चिकटत नाहीं. शीत न शीत मोकळें असावें, पण कोरडें नसावें. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आमची म्हण मात्र येथें लंगडी पडते. वरच्या थरांतलें शीत पांढरें व सुगंधी, मधल्याला केशराचा स्पर्श, तळचें मसाल्यांत भिजलेलें; एका शितावरून दुसऱ्याची कल्पना येत नाहीं, आणि हा भेद टिकणें हेंच यशाचें लक्षण होय. सगळा भात एकाच रंगाचा व एकाच चवीचा निघाला, तर तो मसालेभात झाला असें समजावें. चांगला असेल, पण बिर्याणी नव्हे.

दुसरी कसोटी मांसाची. तें हाडापासून सुटावें, परंतु तंतु तंतु होऊन भातांत विरघळूं नये. पपई अधिक झाली कीं मांसाचा लगदा होतो, व तोंडांत घातल्यावर चावण्यासारखें कांहीं उरत नाहीं. हाड असलेलाच तुकडा हवा, कारण हाडांतील व मगजांतील अर्क खालच्या भातांत उतरतो आणि तेथेंच ह्या पदार्थाचा मुख्य रस असतो.

तिसरी कसोटी वाढण्याची, आणि तिच्याकडे खाणारांचें फारच कमी लक्ष असतें. देगीजवळचा माणूस पळ्यानें वरवर ढवळीत नाहीं. तो एखादी बशी घेऊन देगीच्या एका कडेनें सरळ तळापर्यंत जातो व सर्व थर एकदम उचलतो. ढवळलें तर शितें मोडतात. वरवर काढलें तर आधींच्या गिऱ्हाइकांस पांढरा भात व शेवटच्यांस नुसता मसाला मिळतो. प्रत्येक ताटलींत तिन्ही थर, मांसाचा वांटा व हाड येईल असें वाढणें ही एक न्यायबुद्धि आहे. देग अर्धी झाली असतां दुपारीं दोन वाजतां आलेल्या अनोळखी माणसाच्या ताटलींत काय पडतें, ह्यावरून खाणावळीची पारख करावी.

ह्या तिन्ही कसोट्यांस साध्या खाणावळी पुष्कळदां उतरतात व मोठीं हॉटेलें पुष्कळदां उतरत नाहींत. ह्याचीं कारणें गूढ नाहींत. मोठ्या देगींत उष्णता एकसारखी व फार वेळ टिकते. एका माणसापुरत्या हंडींत ती तशी टिकत नाहीं. रोज तोच पदार्थ केल्यानें हात बसतो. आणि देग दुपारीं उघडते ती कांहीं तासांत संपते. उरलेलें पुन्हां गरम करण्याचा प्रसंग कमी येतो. मोठ्या हॉटेलास शंभर पदार्थ तयार ठेवावयाचे असतात, म्हणून तेथें मांस व भात निरनिराळे शिजवून मागणी आल्यावर एकत्र करण्याचा मोह होतो. त्या मोहांत दम नाहींसा होतो. तात्पर्य, खाणावळीचें श्रेय तिच्या गरिबीस नाहीं. तें देगीच्या आकारास, एकाच पदार्थावरील निष्ठेस व वेळेवर संपणाऱ्या भातास आहे.

दोषहि सांगितले पाहिजेत, कारण स्तुति तेवढी करणारा समीक्षक जाहिरातदार होतो. कित्येक ठिकाणीं केशराऐवजीं केशरी रंग पडतो, व तो डोळ्यांस फसवितो, जिभेस नाहीं. कांदा करपला तर सगळी देग कडवट होते. तुपाची जागा स्वस्त तेल घेतें आणि मग तिखटानें तेलाचा दोष झांकावा लागतो. मटण महाग झाल्यामुळें तुकडे लहान व थोडे झाले आहेत, आणि मटणाऐवजीं कोंबडीकडे गिऱ्हाईक वळूं लागलें आहे. कोंबडी लवकर शिजते, म्हणून कच्च्या मांसाचा तो सगळा अवघड मेळ तिला लागत नाहीं. परंतु हाडाचा तो अर्कहि ती देत नाहीं. त्यांत आतां डब्यांत बंद करून घरपोंच मागविण्याची चाल पडली आहे. डब्यांतील कोंडलेल्या वाफेनें मोकळें शीत ओलें होतें, थर एक होतात, आणि देगीजवळच्या माणसाचा तो सगळा न्याय वाटेंतच वाहून जातो.

येथवर पदार्थाची परीक्षा झाली. आतां खाणाराची करावयास हवी, कारण भरतमुनींची अट अजून तशीच उभी आहे.

जे विचारपूर्वक मांस वर्ज्य करतात त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. त्यांचें व्रत आदरणीय आहे व हा लेख त्यांनीं दुरूनच वाचावा. आमचा प्रश्न मांस खाणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास आहे. तो हीच बिर्याणी मोठ्या हॉटेलांत चौपट दरानें आनंदानें खातो, परंतु ह्या गल्लींतील खाणावळीपुढून नाक मुरडून जातो. विचारलें तर स्वच्छतेचें कारण सांगतो. स्वच्छता हवीच; पण ती पाहून ठरवावी, गल्लीच्या नांवावरून अथवा आचाऱ्याच्या धर्मावरून नव्हे. पुण्याच्या पंचहौद मिशनांत १८९० सालीं चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक इत्यादि थोर पुरुषांवर ग्रामण्य उठलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. आज त्या चहाचें आम्हांस हसूं येतें. पण विटाळाची ती बुद्धि खरोखरच गेली कीं आरोग्याचा अंगरखा घालून आमच्याच घरीं राहिली, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. ज्याच्या मनांत घांस घेण्यापूर्वीं संशय बसला आहे, त्याच्या जिभेस चव कळणार कशी?

दुसरा दोष नवा आहे व अधिक मानभावी आहे. ह्या दोषाचे धनी खाणावळींत येतात, पण भात पाहण्याआधीं भिंतीचे पोपडे पाहतात. मळकें फडकें, डगमगणारें बाक व आरडाओरड ह्यांतच त्यांस अस्सलपणा सांपडतो, आणि मग त्यावर ते रसाळ लेख लिहितात. अशा लेखांत शीत करपलेलें होतें कीं मोकळें, हें शेवटपर्यंत समजत नाहीं. लेखक किती निगर्वी आहे हें मात्र उत्तम समजतें. हें कौतुक वरकरणी प्रेमळ दिसलें तरी तें आचाऱ्याचा अपमान करतें. ‘एवढ्याशा जागेंत एवढें चांगलें’ असें म्हणण्यांत, एवढ्याशा जागेंतून आम्ही चांगल्याची अपेक्षाच केली नव्हती, ही कबुली असते. दारिद्र्य हा मसाला नव्हे. त्या आचाऱ्यास रुंद जागा, वाहतें पाणी व पुरेसें वेतन मिळालें तर त्याची बिर्याणी बिघडेल असें मानणें म्हणजे त्याच्या कलेस त्याच्या हालांचें फळ समजणें होय.

तिरस्कार व कौतुक हे दोन्ही दोष वस्तुतः एकच आहेत. दोहोंतहि खाणाराची दृष्टि ताटलीवर नसते. ती स्वतःच्या पायरीवर असते. एकास आपण वर आहों ह्याची भीति वाहावी लागते, दुसऱ्यास आपण खालीं उतरलों ह्याचा अभिमान. वाङ्मयांतहि आमची रुचि ह्याच दोन मार्गांनीं बिघडते. खेड्यांतल्या किंवा गिरणगांवांतल्या लेखकाचें पुस्तक एक वाचक उघडीतच नाहीं, आणि दुसरा तें ‘अनुभवाचें’ म्हणून डोक्यावर घेतो. पुस्तक म्हणून तें कसें आहे, हें सांगण्याचे कष्ट दोघेहि घेत नाहींत. लेखकाची खरी कदर त्याचा दोष दाखविण्यांतहि असते. कारण दोष ज्याचा दाखवावयाचा त्यास आपण बरोबरीचा मानलेला असतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. साध्या खाणावळींत जावें तें उपकार करण्यास नव्हे व साहस करण्यासहि नव्हे; भूक लागली असतां, भात चांगला मिळतो म्हणून जावें. हात धुऊन बसावें, ताटलीकडे पाहावें, शीत मोकळें आहे कीं नाहीं, मांस हाडापासून सुटतें कीं नाहीं, तळचा थर आपल्या वांट्यास आला कीं नाहीं हें पाहावें. चांगलें असेल तर आचाऱ्यास तसें सांगावें. कांदा करपला असेल तर तेंहि सांगावें. पूर्ण पैसे द्यावे व मागें उभ्या असलेल्या माणसास जागा करून द्यावी. एवढें जो करील तोच भरतमुनींचा सुमनस पुरुष, असें आम्ही समजतों.