'सकाळ'चा निकाल आणि वाचकाचा हक्क

न्यायालयाचा निकाल वाङ्मयांत गणावा कीं नाहीं, याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु ज्या लेखनांतील एका शब्दाच्या असण्यानसण्यावर घरोघरच्या वर्तमानपत्राचीं पानें कमीअधिक होतात, त्या लेखनाकडे टीकाकारानें पाठ फिरवावी, हें आम्हांस मान्य नाहीं. म्हणून पुण्याच्या 'सकाळ' पत्राच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २५ सप्टेंबर १९६१ रोजीं दिलेला निकाल आम्हीं येथें परीक्षणास घेतला आहे.

प्रथम प्रसंग सांगणें अवश्य आहे. वर्तमानपत्रांची किंमत व पानें यांविषयीं १९५६ सालीं कायदा झाला व १९६० सालीं त्याखालीं हुकूम निघाला. किती पैशांत किती पानें द्यावींत हें सरकारनें ठरवावें, म्हणजे मोठीं पत्रें लहानांस गिळणार नाहींत, असा त्याचा हेतु. 'सकाळ' तेव्हां आठवड्यांतून पांच दिवस सहा पानें, एक दिवस चार व रविवारीं दहा पानें देत असे. किंमत रोजची सात नवे पैसे व रविवारची बारा. हुकूम पाळावयाचा तर पानें छांटावीं किंवा किंमत चढवावी, यावांचून गत्यंतर नव्हतें. पत्रानें न्यायालयाचें दार ठोठावलें. आणि विशेष हें कीं, दोघां वाचकांनींहि स्वतंत्र अर्ज केले.

निकाल न्यायमूर्ति मुधोळकर यांनीं लिहिला. त्याचें मर्म एका बारीक वाचनांत आहे. घटनेच्या १९ व्या कलमांत 'वर्तमानपत्र' हा शब्द कोठेंच नाहीं. भाषण व विचारप्रकटन यांच्या स्वातंत्र्यांतच तें अंतर्भूत मानलें जातें. त्या स्वातंत्र्यास कोणत्या कारणांनीं बंधन घालतां येईल, याची यादी दुसऱ्या पोटकलमांत आहे, आणि तींत 'सर्वसाधारण जनतेचें हित' हें कारण नाहीं. तें आहे सहाव्या पोटकलमांत, धंद्याच्या स्वातंत्र्यासंबंधीं. पत्र चालविणें हा धंदाहि आहे, हें खरें. पण धंद्यास आळा घालण्याच्या मिषानें विचारप्रकटन आखडतां येणार नाहीं, आणि पत्राचा खप हा त्या स्वातंत्र्याचाच भाग होय, असें न्यायालयानें ठरविलें. हुकूम रद्द झाला. जें लिहिलेलें नाहीं त्यासहि एवढें वजन देणें, हें उत्तम वाचकाचें लक्षण होय.

तथापि या निकालांत आम्हांस एक उणीव भासते. त्याचा सारा भर पत्राच्या हक्कावर आहे. अर्जदार वाचक त्याच्या सावलींत उभे राहतात. वस्तुतः स्वस्त पत्र कोणाच्या जिवावर स्वस्त होतें? 'सकाळ'च्या एकंदर जागेपैकीं सुमारें ४० टक्के जागा तेव्हां जाहिरातींची होती. १९९५ सालीं टाटा प्रेसच्या खटल्यांत न्यायालयानें जाहिरातीसहि विचारप्रकटनाचें संरक्षण दिलें व ती मिळविण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. मात्र खोट्या व फसव्या जाहिरातीस तें संरक्षण नाहीं, असेंहि सांगितलें. वाचकाचा हक्क प्रकाशांत आला, तो असा ग्राहकाच्या वाटेनें.

आमच्या भोकरदनांत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. १९ व्या कलमाचें स्वातंत्र्य त्यास २६ जानेवारी १९५० रोजीं लाभलें. आज आमचा जालना जिल्हा बियाण्यांच्या उद्योगासाठीं देशभर ओळखला जातो, आणि मृगाच्या सुमारास पत्र उघडावें तों बियाण्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांवर विश्वास ठेवून घेतलेलें बीं उगवलें नाहीं, तर शेतकरी ग्राहक कीं व्यापारी? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें व्यापारी हेतूनें केलेली खरेदी वगळली होती, आणि बियाणें विकणारांनीं त्याच शब्दांचा आधार घेतला. राष्ट्रीय बियाणें महामंडळाच्या खटल्यांत १६ जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शेतकरी ग्राहकच आहे, असा निर्णय दिला. शिवाय ज्यानें सर्व बीं पेरून टाकलें, त्यानें तपासणीसाठीं नमुना राखून ठेवावा ही अपेक्षा न्यायालयानें गैर मानली. कायद्याच्या शब्दांस शेताचा वास लागला, तो येथें.

आतां २०१९ चा कायदा पाहा. जुलै २०२० मध्यें तो अमलांत आला. फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख व पुन्हा अपराध झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करतां येतो. प्रकाशकहि दंडास पात्र आहे. परंतु नेहमींच्या व्यवहाराच्या ओघांत जाहिरात छापली, एवढें सिद्ध केलें म्हणजे तो सुटतो. ती मागें घेण्याचा हुकूम ठाऊक असूनहि छापली, तर मात्र सुटका नाहीं. ही सवलत आम्हीं अन्याय्य म्हणणार नाहीं. तालुक्याच्या साप्ताहिकानें बियाण्याची परीक्षा कशी करावी? पण कायद्यानें माफ केलें म्हणून कर्तव्य संपत नाहीं. ज्या ठिकाणीं जाहिरात झळकली, त्याच ठिकाणीं तितक्याच ठळकपणें न उगवलेल्या शेताची तक्रार छापणें, हें कोणत्याहि पत्रास शक्य आहे.

१९६१ सालीं पत्राच्या पानांसाठीं वाचक न्यायालयांत गेले. त्या ऋणाची फेड पत्रांनीं वाचकाच्या बाजूनें उभें राहूनच करावयाची आहे. महाविद्यालयांतून हा निकाल निबंधासारखा वाचला जावा व त्याचा सुबोध मराठी अनुवाद प्रत्येक वाचनालयांत असावा, अशी सूचना करून आम्हीं हें परीक्षण पुरें करतों.