षटकांमधील अवकाश

क्रिकेटचा अंतिम सामना पाहावयास बसावें, आणि गोलंदाज धांवूं लागला म्हणजे पाणी पिण्यास उठावें, असा एक प्रेक्षकवर्ग आमच्या जालन्यांतील सुशिक्षित घरांत निर्माण झाला आहे. षटक संपलें कीं ही मंडळी लगबगीनें परत येते. कारण तिला पाहावयाच्या असतात त्या जाहिराती. अमेरिकेंत तेथील फुटबॉलच्या अंतिम सामन्याविषयीं हा प्रकार रूढच आहे. क्रिकेट न कळणाऱ्यांचा हा छंद असेल म्हणावें, तर २०१४ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषकांत भारताचें नेतृत्व करणारा विजय झोल ह्याच गांवचा! तेव्हां ही अभिरुचि हंसण्यावारी न नेतां तिचें परीक्षण करणें आम्हांस उचित वाटतें.

क्रिकेटची रचनाच जाहिरातदारास अनुकूल आहे. आपल्याकडील फुटबॉलांत पंचेचाळीस मिनिटें खेळ थांबत नाहीं. येथें दर सहा चेंडूंनीं विराम. तेवढ्यानेंही भागेना, म्हणून २००९ च्या आय.पी.एल.मध्यें डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची विश्रांति डावपेचांच्या नांवाखालीं घालण्यांत आली. पुढें तिचे अडीच अडीच मिनिटांचे तुकडे झाले. डावपेच काय ठरतात तें प्रेक्षकास क्वचितच कळतें. जाहिराती मात्र दिसतात.

परंतु ह्या अवकाशांत कलाही जन्मास आली, हें नाकारतां येत नाहीं. १९९४ ची कॅडबरीची जाहिरात घ्या. शतकाच्या उंबरठ्यावरील फलंदाज चेंडू उंच टोलवितो. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक हात पसरून उभा. आणि प्रेक्षकांतील एका तरुणीचा श्वास अडकलेला. चेंडू पलीकडे पडतो, आणि ती पहारेकऱ्यास हुलकावणी देऊन मैदानांत नाचत सुटते. त्या नाचांत ताल बेताचाच, आणि म्हणूनच तो खरा. चॉकोलेट हातांत असतें इतकेंच. विकला जातो तो आनंद. ही कल्पना ज्यांची, ते पियुष पांडे (त्यांचें २०२५ सालीं निधन झालें) स्वतः राजस्थानकडून रणजी सामने खेळले होते. चेंडू हवेंत असतांना मैदान कसें स्तब्ध होतें, हें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. २०२१ मध्यें हीच कथा उलटविण्यांत आली: फलंदाज स्त्री, नाचणारा पुरुष. जुन्या जाहिरातीची स्मृति नसणारासही ती गोड वाटली, ह्यांतच मूळ कल्पनेचें बळ दिसून येतें.

२०१५ च्या विश्वचषकांतील 'मौका'ची जात निराळी. भारतावरील विजयासाठीं फटाके जपून ठेवणारा एक पाकिस्तानी; विश्वचषकामागून विश्वचषक जातात, तरुणाचा बाप होतो, फटाके तसेच. पहिल्या भागांत आपण हंसतों, पण त्या बापड्याविषयीं कणवही वाटते. विनोदाची उंची ती हीच. पुढील भागांत कणव गेली आणि निव्वळ डिवचणें उरलें. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्यें दुबईस पाकिस्ताननें दहा गडी राखून सामना जिंकला, तेव्हां त्या फटाक्यांचें काय झालें असेल तें वाचकांनींच कल्पावें.

आमचा खरा आक्षेप पुढेंच आहे. कौशल्याचें कौतुक करण्याची संवय जडली म्हणजे विकलें काय जात आहे इकडे डोळेझांक होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती वर्षानुवर्षें नामांकित खेळाडूंच्या हंसऱ्या मुखांनीं घरांत आल्या. त्यांचा विनोद आम्हांसही आवडे. त्या खेळांवर बंदी घालणारा कायदा व्हावयास २०२५ साल उजाडावें लागलें. आणि वेलदोडा! स्वयंपाकघरांतील ह्या साध्या जिनसेसाठीं बडेबडे चित्रपटनट राबतात, केसर उधळतें, संगीत वाजतें. माजघरांत बसून मुलें हें पाहतात व वडील छायाचित्रणाची तारीफ करतात. तेंच नांव कोपऱ्यावरच्या पानटपरीवर दुसऱ्याच एका पुडीवर वाचावयास मिळतें, आणि ती पुडी वेलदोड्याची नसते.