स्लाइडवरील चित्र आणि पुराव्याचे प्रमाण

भाषाभ्यासाच्या चर्चासत्रांतून अलीकडे जे निबंध वाचले जातात, ते 'वाचले' जातात असे म्हणणे काहीसे धाडसाचे आहे. ते दाखविले जातात. शिलालेखाचे छायाचित्र, हस्तलिखिताचे पान, बोलीचा नकाशा असा पुरावा पडद्यावर येतो आणि निबंधकार त्याकडे बोट दाखवून पुढे जातो. या पद्धतीस आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो असा की, पृष्ठांकात एक आकडा चुकला तर जे परीक्षक कपाळाला आठ्या घालतात, तेच आडवे ताणलेले छायाचित्र पाहून स्वस्थ बसतात. चित्राचा आकार ही सजावटीची बाब आहे अशी यामागे समजूत असावी. ती तपासून पाहणे अवश्य आहे.

भ्रमणध्वनीने घेतलेले छायाचित्र बहुधा 4:3 या प्रमाणाचे असते. पॉवरपॉइंटची स्लाइड 2013 च्या आवृत्तीपासून मुळातच 16:9 या प्रमाणाची येते; तत्पूर्वी ती 4:3 होती. 1920 × 1080 पिक्सेलांच्या पडद्यावर असे छायाचित्र पूर्ण उंचीने बसविले तर ते 1440 पिक्सेल रुंद होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 480 पिक्सेलांची जागा रिकामी उरते. ही रिकामी जागा पुष्कळांना पाहवत नाही. चित्राच्या कडेचा मधला ठिपका धरून ओढले की पडदा भरतो, आणि चित्रातील प्रत्येक अक्षर एक-तृतीयांशाने रुंद होते. कोपऱ्याचा ठिपका धरला असता तर हे घडले नसते. लिपिशास्त्रात अक्षराच्या उंची-रुंदीचे प्रमाण आणि गोलाईचा बाक यांवरून काळाचा अंदाज बांधतात. ताणलेल्या छायाचित्रावरून असा अंदाज बांधणे म्हणजे आपणच पाठात फेरफार करून मग त्याचा अर्थ लावणे होय.

जुन्या दिव्याच्या यंत्रांना ही सोय नव्हती. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' लोकांपुढे आणली, तेव्हा काचेवर हाताने रंगविलेले चित्र भिंगातून दोन्ही दिशांना सारखेच वाढत असे. यंत्र तिरपे ठेवले तर चित्र तिरपे पडे, आणि तो दोष प्रेक्षकांच्या लगेच ध्यानी येई. संगणकाने ताणलेले चित्र मात्र चौकटीत इतके नीटनेटके बसते की दोष नजरेत भरतच नाही.

आकाराचा दुसरा प्रश्न वाचनीयतेचा. येथे प्रस्तुत लेखकाचाच एक प्रमाद सांगणे बरे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाजवळचा मराठी लेख काही वर्षांपूर्वी एका वर्गात दाखविला होता. 'चावुण्डराजें' यातील अनुस्वार तृतीयेचा आणि 'करवियलें' यातील नपुंसकलिंगाचा, असे विवेचन चालू असता शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथे अनुस्वार आहे का? इथून 'करवियले' असेच दिसते." पडद्याजवळ जाऊन पाहिले, तर मलाही ठिपका दिसेना. छायाचित्र कोणीतरी भ्रमणध्वनीवरून पाठविलेले, जेमतेम 480 पिक्सेल रुंदीचे होते. मी ते चौपट ओढून पडदाभर केले होते. एका पिक्सेलाचे सोळा झाले, पण त्यांत माहिती एकाचीच राहिली. म्हणजे ज्या खुणेवर माझे सारे व्याकरण उभे होते, ती खूण वर्गाने माझ्या शब्दावर मान्य करावी अशी माझी अपेक्षा होती.

थोडा हिशेब करून पाहू. शेवटचा बाक पडद्यापासून 12 मीटरवर असेल, तर सहज वाचण्यासाठी अक्षर सुमारे 7 सें.मी. उंच हवे. पडद्याची उंची दीड मीटर धरल्यास 1080 पैकी 50 पिक्सेल त्या एका अक्षराला लागतात. हे सामान्य मजकुरापुरते झाले. अनुस्वाराचा ठिपका अक्षराच्या सातव्या हिश्श्याएवढा धरला तर तो पडद्यावर 1 सें.मी. भरतो. छापील काळ्या ठिपक्याला तेवढे कदाचित पुरेल. झिजलेल्या दगडावरील खळग्याला पुरणार नाही. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले अक्षराकाराचे नियम देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत ते यामुळेच. आपल्याकडे विभक्ती आणि लिंग शिरोरेषेच्या वर एका बिंदूत राहू शकतात. म्हणून ज्या अक्षरावर सिद्धान्त अवलंबून आहे, ते तरी वेगळ्या स्लाइडवर दुप्पट मोठे दाखवावे. (छपाईसाठी सांगितलेला इंचाला 300 बिंदूंचा दंडक येथे लागू नाही. पडद्याला इंच ठाऊक नसतात, एकूण पिक्सेल तेवढे ठाऊक असतात.)

कातरण्याविषयी थोडे. आपल्याच जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील चारठाण्याचा उंच दगडी स्तंभ घ्या. आडव्या स्लाइडवर तो पुरा बसविला तर बारीक दिसतो, रुंदी भरू गेले तर वरचा वा खालचा भाग जातो. उभी वस्तू आडव्या चौकटीत दाखविताना एक पूर्ण चित्र आणि शेजारी एक तपशील अशी मांडणीच युक्त ठरते. तपशील कोठून कापला हे पूर्ण चित्रावर चौकटीने दाखविले नाही, तर ती काटछाट लपविल्यासारखी होते.

नकाशांची अवस्था सर्वांत शोचनीय. '1 सें.मी. = 10 कि.मी.' असे शब्दांत लिहिलेले प्रमाण नकाशा पडद्यावर गेल्याक्षणी खोटे होते. रेखाटलेली प्रमाणपट्टी नकाशाबरोबर वाढते, म्हणून ती खरी राहते. पण तीही नकाशा सारखा वाढला असेल तरच. आडवी पट्टी असलेला नकाशा रुंदीत एक-तृतीयांशाने ताणला, तर पूर्व-पश्चिम अंतरे बरोबर येतात आणि दक्षिणोत्तर अंतरे पाऊणपट होतात. जिंतूर ते गंगाखेड हे सरळ रेषेत सुमारे 70 कि.मी. अंतर त्या पट्टीने मोजले तर 53 च्या आत भरेल. बोलीच्या सीमारेषांमधील अंतरावर अनुमान बांधणाऱ्यास ही चूक लहान नाही. शिवाय 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचा आणि आजचा परभणी जिल्हा शेजारी-शेजारी सारख्याच चौकटींत बसवून दाखविणारे नकाशे प्रबंधांच्या मौखिक परीक्षांत अजून येतात. दोहोंचे प्रमाण वेगळे पडते, आणि आजचे नऊ तालुके जुन्या अखंड जिल्ह्याएवढे दिसू लागतात.