लेखकाला काय हवे आहे?

‘या पाठातून लेखकाला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न आपल्या शाळांतून इतकी वर्षे विचारला जात आहे, की त्याचे उत्तर धडा न वाचताही देता येते. ‘नेहमी खरे बोलावे’, ‘निसर्गाचे रक्षण करावे’ यांपैकी एखादे वाक्य लिहिले, की गुण पदरात पडतात. यात मुलांना मी दोष देत नाही. प्रश्नच मुळी लेखकाला उपदेशक ठरवून मोकळा होतो.

दुसरीकडे माहिती देणे, मन वळवणे आणि करमणूक करणे असे तीन डबे मांडून प्रत्येक धडा त्यांपैकी एकात भरायला सांगणारी मंडळी आहेत. फराळाचे डबे वेगळे ठेवावेत हे ठीक. लाडवांशेजारी चकली मऊ पडते. साहित्याला मात्र ही शिस्त मानवत नाही.

हरि नारायण आपट्यांचेच पाहा. १८९० साली त्यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. त्या करमणुकीतून क्रमशः आली ती ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी. यमुनेच्या वैधव्याची आणि छळाची करुण कहाणी! आता ही कोणत्या डब्यात घालावी? सातवीच्या मुलांना सगळी कादंबरी वाचायला लावू नये. ही दोन नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि विचारावे, ‘कोण घेतो?’ हा प्रश्न कोणाला उद्देशून आहे? थोडा वेळ दिला, तर कोणीतरी म्हणेलच, की तो वाचणाऱ्याला आहे. मग पुढचे विचारावे. सांगणारी यमुना, लिहिणारे हरिभाऊ. दोघांचा हेतू एकच का? यमुना आपले दुःख सांगते. हरिभाऊंना ते घरोघरच्या वाचकाने मनावर घ्यायला हवे आहे. एवढा भेद उमगला, की समीक्षेचा पहिला धडा झाला.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये याच्या उलट गंमत आहे. तिथे मुले आधी हसतात. हसू द्यावे, आणि मग विचारावे, ‘आपण नक्की कोणाला हसलो?’ उत्तर शोधता शोधता जुन्या खुळचट समजुती हाती लागतात. बोध हसण्यातच दडलेला असतो. तो वेगळा काढून वहीत उतरवला, तर हसूही जाते आणि बोधही.

विम्झॅट आणि बिअर्ड्स्ली या अमेरिकन विद्वानांनी १९४६ साली बजावले होते, की लेखकाच्या मनातला हेतू ही कृतीची कसोटी नव्हे. मला ते पटते, आणि म्हणूनच मी शिक्षकांना सांगतो, की लेखकाच्या मनात शिरू नका. मुलाने काहीही उत्तर दिले, तरी एकच विचारा, ‘कोणत्या शब्दावरून?’ शब्द दाखवता आला, तर तुमच्या मनातले उत्तर नसले तरी ते मान्य करा. या एका प्रश्नापुढे गाईडातली तयार उत्तरे टिकत नाहीत.

हा परीक्षेपुरता मामला असता, तर सणासुदीला मी तो काढला नसता. आजचे मूल दिवसभर मोबाइलवर काहीबाही वाचते. कोणी त्याला वस्तू विकू पाहतो, कोणी त्याला भडकवू पाहतो, आणि दोघेही बातमीचा किंवा विनोदाचा वेष घेऊन येतात. ‘हे मला कोण सांगतो आहे, आणि त्याला माझ्याकडून काय हवे आहे?’ हे विचारण्याची सवय ज्याला बाराव्या वर्षी लागली, तो सहसा फसत नाही.

सरावासाठी दिवाळी अंकासारखे पुस्तक नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, लेख आणि जाहिराती एकाच घरात नांदत आल्या आहेत. वाचकहो, फराळ झाला की हा अंक मुलांच्या हाती द्या. जाहिरात आणि कविता दोन्ही गोडच बोलतात. कोणाला आपल्याकडून काय हवे आहे, ते त्यांना शोधू द्या. आणि हो, त्या शोधातून माझा हा लेखही वगळू नका!