वाङ्मयचौर्य : शिक्षा कोणाला?

भाकरी चोरणाऱ्याला आपली समाजव्यवस्था सरळ चोर म्हणते. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपविणाऱ्याच्या कृत्याला मात्र तिने 'वाङ्मयचौर्य' असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. नावातच जिथे सवलत आहे, तिथे शिक्षेत ती नसेल असे मानण्याचे कारण नाही. विद्यापीठे, सरकार आणि न्यायालये या चोरीचा निवाडा कसा करतात हे पाहू लागलो, तेव्हा मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चोरी केवढी आहे यापेक्षा ती कोणाच्या नावावर निघाली यावर तिचा निकाल ठरतो.

आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली जाहीर केली. तिच्यात साम्याच्या टक्केवारीप्रमाणे पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत विद्यार्थ्याने प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत द्यायचा. साठ टक्क्यांपर्यंत गेल्यास वर्षभर तो सादरच करता येत नाही. साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. आता हाच साठ टक्क्यांवरचा मजकूर एखाद्या प्राध्यापकाच्या शोधनिबंधात सापडला तर काय? निबंध मागे घ्यायचा, दोन वार्षिक वेतनवाढी गमवायच्या आणि तीन वर्षे नव्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक म्हणून काम करायचे नाही. वारंवार तेच केले तर निलंबन वा बडतर्फीची भाषा येते. म्हणजे पहिल्याच गुन्ह्यात विद्यार्थ्याचे भवितव्य जाते आणि प्राध्यापकाच्या दोन वेतनवाढी जातात. लालबागच्या चाळीतून पहिल्यांदा पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या मुलीची नोंदणी गेली की तिची शिष्यवृत्ती जाते, आणि तिच्या मागून येणाऱ्या भावंडांची उमेदही जाते. प्राध्यापकाची खुर्ची शाबूत राहते. ज्याला अधिक कळते त्याला अधिक शिक्षा, हा साधा न्याय इथे उलटा टांगला आहे.

चौकशी कोण करतो तेही पाहिले पाहिजे. तक्रार आधी विभागाच्या समितीपुढे जाते. तिचा अध्यक्ष विभागप्रमुख. मग ती संस्थेच्या समितीपुढे जाते. तिथे बाहेरचा सदस्य एकच, आणि सदस्य नेमण्याचा अधिकार संस्थाप्रमुखाचा. समजा, विद्यार्थ्याचे प्रकरण मार्गदर्शकाने आपल्या नावे छापले. विद्यार्थ्याने तक्रार करायची ती त्याच मार्गदर्शकाच्या सहकाऱ्यांकडे. त्याच वेळी प्रगती अहवालावर सही लागते ती त्याच मार्गदर्शकाची. अशा स्थितीत किती विद्यार्थी तोंड उघडतील? गावकीचा न्याय गावच्या पाटलाने करावा, तसा हा प्रकार आहे. पाटील भला असेलही. पण त्याच्या भलेपणावर विसंबून राहावे लागणे यालाच आपण गुलामी म्हणत आलो.

मग न्यायालयात जावे, असे कोणी म्हणेल. भारतीय कायद्यात वाङ्मयचौर्य नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. आहे तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद या नाटककाराच्या खटल्यात स्पष्ट केले की, कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो कल्पनेच्या मांडणीवर. नाटक-सिनेमाच्या धंद्याला हे तत्त्व ठीक आहे. पण संशोधनात खरी कमाई कल्पनेची आणि गोळा केलेल्या सामग्रीची असते. ती उचलून स्वतःच्या वाक्यांत लिहिणारा प्राध्यापक या कायद्याच्या हाती लागत नाही. शिवाय विद्यापीठाच्या निर्णयात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. चौकशीची रीत पाळली की नाही एवढेच ती पाहतात. २०१४ साली दिल्ली विद्यापीठाचे माजी कुलगुरू दीपक पेंटल यांना सहकारी प्राध्यापकाच्या तक्रारीवरून न्यायालयाने तिहार तुरुंगात धाडले, आणि त्याच दिवशी वरच्या न्यायालयाच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू बी. एस. राजपूत यांनी २००३ साली राजीनामा दिला. पण त्याआधी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या पदार्थवैज्ञानिकांना भारताच्या राष्ट्रपतींना पत्र लिहावे लागले होते. ज्याच्यासाठी स्टॅनफर्ड पत्र लिहीत नाही त्याने काय करायचे?

आता आपल्याच मुंबईशी नाते असलेले प्रकरण घेऊ. डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावात वाढले. खेतवाडीची पालिकेची शाळा, युनियन हायस्कूल, मग माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, हा त्यांचा गरिबीतून झालेला प्रवास कोणालाही आदर वाटावा असा आहे. म्हणूनच हे प्रकरण व्यक्तिद्वेषाने पाहू नये. पेटंट कायद्यातील काही प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी केंद्र सरकारने २००५ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली पाच तज्ज्ञांची समिती नेमली. औषधाचे पेटंट केवळ नव्या रासायनिक रेणूपुरते मर्यादित ठेवले तर ते जागतिक व्यापार कराराशी जुळेल काय, हा मुख्य प्रश्न. डिसेंबर २००६ मध्ये समितीने उत्तर दिले : जुळणार नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये उघड झाले की, अहवालातला कळीचा मजकूर शमनाद बशीर या तरुण कायदेपंडिताच्या निबंधातून, त्यांचे नाव न घेता, शब्दशः आला आहे. तो निबंध लंडनच्या एका संस्थेसाठी लिहिलेला होता आणि त्यासाठी पैसा औषध कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा होता. बशीर यांनी स्वतःच्या निबंधात तसे लपविले नव्हते. सरकारी अहवालातून मात्र लेखकाचे नाव गळाले, आणि नावाबरोबर पैशाचा पत्ताही गळाला.

माशेलकरांनी तांत्रिक चुकांचे कारण देऊन अहवाल मागे घेतला. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. २००९ साली दुरुस्त अहवाल सादर झाला. संदर्भ आले, निष्कर्ष तोच राहिला. प्रकरण तिथे मिटले.

ही चोरी कागदापुरती होती असे ज्यांना वाटते, त्यांनी परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या पदपथावर राहणाऱ्या माणसांकडे पाहावे. रक्ताच्या कर्करोगावरचे ग्लिवेक हे औषध परदेशी कंपनीच्या भावाने महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना पडत होते. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होते. त्या पेटंटचा अर्ज १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेवटी फेटाळला. तो खटला कायद्याच्या वेगळ्या कलमावरचा होता. पण औषधावर मक्तेदारी कोठवर द्यायची, हा झगडा एकच. अशा झगड्यात तज्ज्ञांच्या तोंडी कोणाचे शब्द आहेत हे कळणे, हा त्या पदपथावरच्या माणसाचा हक्क आहे. संदर्भ देणे हा पंडितांचा शिष्टाचार नव्हे, ते हिशेब देणे आहे.

आणखी एक चोरी अशी आहे की ती कोणत्याही यंत्राला दिसत नाही. गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी काढून घ्यायच्या, आणि प्रबंधात 'एका वृद्ध दलित स्त्रीने सांगितले' एवढ्यावर भागवायचे. तिचे विश्लेषण संशोधकाचे होते; ती फक्त 'माहिती' उरते. याउलट उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केले, तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या मुलाखती ज्यांच्या त्यांच्या नावाने छापल्या. त्यासाठी त्यांना आयोगाच्या नियमावलीची गरज पडली नाही. आपल्याकडे प्रामाणिक संशोधनाची ही परंपरा आहे. ती विद्यापीठांनी आपल्याकडून शिकावी.

तेव्हा मागणी स्पष्ट करू या. आरोप मार्गदर्शकावर असेल तर चौकशी समितीत बहुसंख्य सदस्य बाहेरचे हवेत. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला ताबडतोब दुसरा मार्गदर्शक मिळावा आणि त्याची शिष्यवृत्ती एक दिवसही थांबू नये. प्राध्यापकाची शिक्षा विद्यार्थ्याहून हलकी नसावी. चौकशीचा अहवाल जाहीर व्हावा. ज्यांची संमती आहे त्या सांगणाऱ्यांची नावे प्रबंधात यावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, हे होईपर्यंत आपल्या प्रत्येक प्रकरणाची तारीख घातलेली प्रत जपा, मार्गदर्शकाला दिल्याची पोच घ्या, एक प्रत विश्वासू शिक्षकाकडे ठेवा. ज्या शिक्षकांना हे वाचून राग येईल त्यांनी एवढेच करावे : विद्यार्थ्याने मागण्याआधी ती पोच स्वतःहून लिहून द्यावी.